पयलं माप

कार्तिक निम्मा सरला की भाताला वास सुटतो. उभ्या भाताला न्हाई, कापल्याल्या. कापून खाचरात आंथरलं आन् त्याच्यावर दोन दिस ऊन पडलं, की सांजच्याला रानातनं येताना पदराला बी त्यो वास लागून येतो. आमचं इंद्रायनी भात. शिजताना घमघमतं तेवढंच वाळताना बी. लोकास्नी ह्या वासानं बरं वाटतं. मला गेली सात-आठ वर्सं त्यो वास आला की त्येच्या मागनं दुसराच वास नाकात येतो. परक्या लाकडाचा. त्येल लावल्याल्या कागदाचा.

हितं कारल्याच्या फाट्यापाशी आमचं खाचर अगदी रस्त्याच्या कडंला हाय. शनवार-ऐतवार लोनावळ्याकडं गाड्यांची रांग लागती. मी बांधावर बसून बगत आसते. त्यात एकादी तसली गाडी दिसती, पुढनं रुंद, चांदीच्या पट्टीची. आत लेकरं काचेला नाक लावून आमच्या भाताकडं बगत आसत्यात. मी त्येंच्याकडं बगत न्हाई. मी गाडी चालवनाऱ्याच्या हातांकडं बगते. त्येच्या हातातल्या चाकाकडं. आन् मनात येतं, ही बारावी तर नसंल?

इंदुरीच्या पलीकडं माळावर मी कामाला जायचे त्यो कारखाना व्हता. तितं गाड्या बनवत नव्हते, जोडत व्हते. लांब परदेशातनं सुटी गाडी खोक्यांत भरून बोटीनं आनायची, आन् हितं जोडून, पुसून, रंग चमकवून भाईर काडायची. पयल्यांदा आयकलं तवा मला हसू आलं. मी सुशीलाला म्हनलं, "आगं, जोडल्यालीच आनायची की! तोडून कशापायी आनत्यात?"

"आख्खी आनली तर सरकारचा कर लय, मावशी. सुटी आनली तर कमी. आन् तोडत न्हाईत. जोडायच्या आदीच धाडत्यात."

"म्हंजी झंपर न शिवता कापडच धाडल्यावानी."

"कापून धाडल्यावानी," ती म्हनली. "बाही, गळा, बटनं, समदं मोजून. एक बटन जास्ती न्हाई."

ही सुशीला भाज्याची. माज्याहून पंचवीस वर्सांनी ल्हान. धावी झाल्याली, इंग्रजी अक्षर लावून वाचायची. भाज्यावरनं सकाळी फाट्यापातूर चालत यायची आन् आमी दोघी एकाच बसमधी चढायचो. कारखान्यात बी आमी दोघी एकाच टेबलापाशी, बारक्या सामानाच्या खोक्यांवर. मी दुसरीपातूर शिकल्याली, म्हनून खोकं उघडायचं, पुडं काढायचं, मोजायचं काम माजं. कागदावर लिवायचं, सही करायचं तिचं. मंग ट्रे उचलून ती लाईनवर न्यायची. लाईनवर गाड्या जोडनारी समदी बापय. सुपरवायझर ठोंबरेभाऊंनी तिला म्हनलं व्हतं, संक्रातीनंतर तुला वायरी जोडायला लाईनवर घेऊ. तवापासनं तिच्या पिशवीत इंग्रजी शिकायचं एक पुस्तक आसायचं. जेवनाच्या सुट्टीत भाकरी खाताना बोटानं ओळी लावायची.

त्या खोक्यांचं लाकूड पांढरंफेक, गुळगुळीत. हातोडीनं खिळा उपसला की आसा वास यायचा, की त्ये झाड कसं आसंल, त्येला पानं आसत्यात का काटं, आसं मनात यायचं. फळीवर डाग देऊन काळी अक्षरं काढल्याली. रिकामी खोकी आमाला पाळीपाळीनं मिळायची. आमच्या गावांकडं त्या लाकडाचं काय न्हाई केलं? कोनी कोंबड्यांचं खुराडं केलं, कोनी दार केलं, फाट्यावरच्या कनीस भाजनारीनं टपरी केली. एकीनं तर देव्हारा केला. देवाच्या डोक्यावर ती परदेशी अक्षरं तशीच.

आता एक सांगते, त्येच्यावाचून पुढचं कळायचं न्हाई. आमच्यात खळ्यावर रास मोजताना पयलं माप 'एक' म्हनत न्हाईत. 'लाभ' म्हनायचं, आन् त्ये माप बाजूला काढून ठेवायचं. मंग दोन, तीन, चार. बाजूचं माप देवाचं. पूर्वी खळ्यावर येनाऱ्यांना त्यातनंच वाटा घालायचे. माजी आय तशी मोजायची, सासू तशी मोजायची, आन् माज्या हाताला बी त्येच वळन. कारखान्यात खोकं उघडलं की पयला पुडा माजा हात आपसूक बाजूला ठेवायचा, खोक्याच्या आत आडवी पट्टी आसायची तिच्यावर. तोंडानं लाभ. मंग बाकीचं ट्रेमधी, दोन, तीन करत बारापातूर. एका खेपेला बारा गाड्या, म्हनून पुडं बी बारा. बारा म्हनून झालं की पट्टीवरचा उचलून ट्रेमधी वर ठेवायचा.

सुशीलाला पयल्या दिशी लय मजा वाटली. "मावशी, हितं लाभ न्हाई, लॉट आसतो लॉट."

"हसू नगंस. बरकत येती."

"कुनाला? कंपनीला? तिला काय कमी हाय व्हय?"

मंग जेवताना तिनं आपनहून काढलं. "आमच्या आजीला ठावं व्हतं तुमचं त्ये बाजूचं माप. खळ्याच्या कडंला पदर पसरून बसायची. आमी धर्म घेतला त्या साली आजोबा म्हनलं, आता कुनाच्या खळ्यावर जायाचं न्हाई. घरात दाना नव्हता त्या वर्सी. पर गेली न्हाई."

म्या चटनी पुढं सारली. तिनं भाकरीवर लावून घेतली आन् म्हनली, "तिखट लय घालता तुमी."

त्यो सोमवार व्हता. दिवाळी नुकती झाल्याली, आमचं भात कापून खाचरात पडल्यालं. दुपारनंतर एकाएकी आभाळ भरून आलं. शेडच्या मोठ्या दारातनं मला डोंगराची कड काळी व्हताना दिसत व्हती. म्या नवं खोकं उघडलं. स्टेरिंग बसवायच्या बोल्टांचं. पयला पुडा घेतला, "लाभ" म्हनलं, पट्टीवर ठेवला, आन् कमरंला खोचल्याला फोन वाजला. आत फोन आनायची परवानगी नव्हती, पर कापनीच्या दिसांत समद्याच चोरून आनायच्या. घरनं मालक बोलत व्हते.

"आभाळ आलंय गं. भिजंल समदं. ताडपत्री कुटं हाय?"

"पोत्यांच्या मागं."

"न्हाई तितं."

"आवो, हाय. खाली वाकून बगा."

फोन ठिवला. हात चालूच. दोन, तीन, चार. डोळं दाराकडं. धा, अकरा, बारा.

सुशीलानं पेन उचललं. "बारा?"

"बारा," म्या म्हनलं.

तिनं लिवलं, सही केली, ट्रे उचलला. पट्टीवरचा पुडा पट्टीवरच ऱ्हायला. मागं फळीत बोटभर सांद व्हती, तितं कवातरी घसरला आसंल. त्या दिशी लाकडाची पाळी माजी व्हती. मी म्हनलं, ह्ये खोकं फोडू नगा, आख्खंच द्या, झोडनीला कामी येईल. सांजच्याला टेम्पोनं फाट्यावर उतरवलं. म्या आन् मालकांनी उचलून खळ्यावर नेलं.

पाऊस काय आला न्हाई. नुस्तं आभाळ येऊन गेलं.

गुरवारी लाईनवर अकरा गाड्या पुऱ्या झाल्या आन् बारावी आडून ऱ्हायली. म्या बगितली ती. समदी तयार. दारं लागत व्हती, दिवं लागत व्हते, बसायच्या गाद्यांवर नवं प्लास्टिक. फकस्त हातात धरायचं चाक न्हाई. चाक बाजूला पडल्यालं, पर त्येचा बोल्ट नव्हता, आन् हितल्या बाजारातला चालत न्हाई म्हनले. कोपऱ्यात लोटून ठेवली. येनारा-जानारा तिच्याकडं बगायचा, आन् मंग आमच्या टेबलाकडं.

ठोंबरेभाऊ आले. मानूस वाईट नव्हता, पर त्येच्यावर वरनं कोनतरी बोललं व्हतं. समद्यांच्या म्होरं इचारलं.

"मावशी, मोजलं कोनी?"

"मी."

"किती व्हते?"

"बारा."

"नक्की?"

"नक्की."

"मंग सही हिची, ट्रे हिच्या हातात. एक पुडा गेला कुटं?"

सुशीला माज्याकडं वळली. "मावशी, आटवा की जरा."

आन् म्या म्हनलं, "बारा मोजले म्या." खरंच मोजले व्हते. त्या खऱ्यानंच तिला बुडवलं.

तिची पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, कंगवा, त्ये पुस्तक. आमच्यातलीच एक बाई पुस्तकाची पानं झटकून बगत व्हती, जसं काय बोल्ट पानांत दडून बसलाय. सुशीला म्हनली, "बोल्ट घेऊन मी काय करू, भाऊ? चुलीला स्टेरिंग लावू?" कोनी हसलं न्हाई. दुसऱ्या टायमाला समदे हसले आसते.

आमी शेडमधी धा बाया व्हतो. माजी पिशवी कोनी उलटी केली न्हाई. त्येच टेबल, त्येच खोकं, पयला हात माजा. तरी माज्यावर कोनाचा वहीम गेला न्हाई. का गेला न्हाई त्ये मला तवा कळलं न्हाई, आसं मी म्हनू शकत न्हाई. कळलं व्हतं. पंगतीत पान कुटं मांडायचं त्ये जसं कोनी न सांगता कळतं, तसं कळलं व्हतं. आन् मी गप ऱ्हायले.

दुसऱ्या दिशी तिला गेटवरनंच म्हागारी लावली.

ऐतवारी झोडनी. खळं सारवून कडक झाल्यालं, खोकं मदी पालथं घातल्यालं. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायची आन् लाकडावर आपटायची. दाना सर्रकन उडतो, पायावर टोचतो. मालक एका बाजूनं, मी एका बाजूनं. त्या लाकडाला आवाज बी लय चांगला व्हता, घुमायचा. ऊन चढलं तवा एका फटक्याला दान्यात कायतरी जड पडलं. मला वाटलं खिळा निगाला, कुनाच्या दाताखाली येईल. वाकून दान्यात हात घातला. हातानं आदी वळखलं, मंग डोळ्यांनी. त्येलाचा भुरा कागद, च्यार बोटांएवढा. मी खालीच बसले.

"काय गं? भोवळ आली?"

"सुशीलाचा पुडा."

मालकांनी पेंढी खाली ठिवली. रस्त्याकडं बगितलं, कोन आयकतंय का. मंग बारीक आवाजात म्हनले, "गप बस. खोकं आपल्या खळ्यावर, पुडा आपल्या खळ्यावर. चुकून आला म्हनून कोन मानंल?"

"ती घरी बसलीया."

"आन् तुला बी बसायचंय? आदी भात घरात येऊ दे. मंग बगू."

भात घरात आलं. रास मोजताना तोंडानं लाभ म्हनलंच. बाजूला काढलं. पुडा कनगीच्या वर, पत्र्याच्या खाली खोचून ठिवला. रोज भात बगायच्या निमतानं वर हात लावून बगायचे. व्हताच. सकाळी बसमधी खिडकीपासची तिची जागा दोन दिस रिकामी ऱ्हायली, मंग दुसरी कोन बसाया लागली. आठ दिस आसं गेलं. मी जेवत व्हते, झोपत व्हते, कामाला जात व्हते. त्येच मला आता सांगवत न्हाई, की त्या आठ दिसांत माजं काय आडलं न्हाई.

नवव्या दिशी पुडा पदराला बांधला आन् ठोंबरेभाऊंच्या टेबलावर सोडला. समदं सांगितलं. पट्टी, आभाळ, खळं. त्येंनी कपाळाला हात लावला.

"आवो मावशी, ती गाडी कवाच गेली. विमानानं दुसरा पुडा आला भाईरनं."

"आन् सुशीला?"

"तिच्या जागी घेतली की दुसरी."

"तिनं चोरी न्हाई केली. कागदावर तसं लिवा."

"कागदावर चोरी लिवलंच न्हाई कोनी. 'गरज न्हाई' आसं लिवलंय. मंग खोडायचं काय?" मंग जरा पुढं वाकून म्हनले, "तुमचं नीट चाललंय, मावशी. कशाला?"

पुडा घेऊन त्येंनी टेबलाचा खन उघडला आन् आत टाकला. त्या खनात आदीच तसल्याच कागदातले, दुसऱ्या सामानाचे पाच-सात पुडं पडल्याले व्हते. त्येंच्यापायी कोन कोन गेलं आसंल, म्या इचारलं न्हाई.

त्याच दिशी सुटल्यावर मी भाज्याला गेले. मळवलीचं फाटक वलांडून, चालत. लेनीला आल्याल्या पावन्यांचे घोळकं परत निगाल्याले. सुशीला दारात बसून कांदा चिरत व्हती, टपरीवाल्याच्या भज्यांसाठी, पाटीभर. बसा म्हनली न्हाई. मी उभ्यानंच सांगितलं. तिची विळी थांबली न्हाई. डोळ्यांतनं पानी येत व्हतं, पर त्ये कांद्याचं व्हतं. ती आसल्या गोष्टीला रडनारी नव्हती.

"कवा घावला?"

"झोडनीच्या दिशी. ऐतवारी."

"ह्या ऐतवारी?"

"न्हाई. त्येच्या आदल्या."

"म्हंजी आठ-नऊ दिस." तिनं चिरल्याला कांदा पाटीत लोटला. "तुमी भात झोडत व्हता."

"व्हय."

तिनं दुसरा कांदा घेतला. मंग म्हनली, "आमच्या आजीनं त्ये माप घ्यायचं सोडलं, मावशी. तुमी आजून बाजूला काढताय. आन् बगा, माज्याच पदरात पडलं."

मला खाली बसावं वाटलं, पर बसा म्हनली नव्हती.

"परत बोलावत्यात का मला?"

"न्हाई."

"मंग हितं कशाला आलात? मला ठावंच व्हतं की मी घेतला न्हाई. ज्येंना ठावं न्हाई त्येंना सांगा. बसमधी सांगा. समद्यांच्या म्होरं."

"सांगते."

"कवा?"

"उद्या."

उद्या म्या सांगितलं न्हाई. परवा बी न्हाई. रोज फाट्यावर मनात वाक्य जुळवायचे आन् कारखाना यायचा. तिसऱ्या दिशी कामशेतची खिंड लागली तवा उठले. दांडी धरून म्हनलं, "आयका गं समद्या. पुडा सुशीलानं घेतला नव्हता. म्या खोक्यात इसरला व्हता. माज्या घरी घावला." बसमधी गानं लागल्यालं, त्ये कोनी बंद केलं न्हाई. ड्रायव्हरनं वळन घेतलं, मी हेलपाटले. मागनं एकजन म्हनली, "बसा मावशी, पडाल." दुसरी म्हनली, "मला वाटलंच व्हतं, ती तसली न्हाई." मी बसले. इंदुरी येईपातूर त्या दुसरीच्या पाटीकडं बगत बसले. पुस्तकाची पानं झटकनारी तीच व्हती.

माजं काम गेलं न्हाई. शिक्शा झाली आसती तर बरं झालं आसतं, आसं म्हननं बी सोपं हाय. खरं म्हंजी मला काम पायजेच व्हतं, आन् मी पुढं दोन वर्सं केलं. खोकं उघडताना हात पट्टीकडं जायचा. त्येला मी दुसऱ्या हातानं धरायची.

सुशीला मला मंग एकदाच भेटली, कामशेतच्या बाजारात, मेथी घेताना. एका बंगल्यावर सैपाकाला जात व्हती. वायरी काय तिला कोनी जोडाया दिल्या न्हाईत.

"सांगितलं म्हनं तुमी बसमधी."

"व्हय."

"तिसऱ्या दिशी."

"व्हय."

तिनं मेथीची जुडी उलटीपालटी करून बगितली, पिशवीत टाकली. "भात झालं का अवंदा?"

"झालं."

"बरं," म्हनली, आन् गर्दीत गेली. मी तिच्या मागं दोन पावलं गेले. मंग थांबले.

त्ये खोकं आजून हाय. लाकूड काळं पडलंय, वास गेलाय. झोडनीला त्येच वापरतो, कारन त्येच्याएवढं मजबूत दुसरं घरात काय न्हाई. अवंदा बी त्येच्यावरच झोडलं. परवा रास लावली. मालक आता थकल्यात, खळ्याच्या कडंला बसून बगत्यात. म्या माप भरलं, वरनं हात फिरवून सारकं केलं. आन् सवयीनं हात बाजूला निगाला, जितं त्ये माप ठेवायची जागा. तितं कोनी बसल्यालं नव्हतं. कवाचंच कोनी बसत न्हाई तितं. हात मी परत आनला आन् माप पोत्यात वतलं.

"एक," म्हनलं.

"आगं, लाभ म्हन की," मालक म्हनले.

मी खाली वाकले, माप भरलं.

"दोन."